पाळकांची नावं घ्यायची खोड

आमच्या जिंतूरच्या ख्रिस्ती प्रार्थनाघरातले पाळक प्रार्थना आटोपती घेतील तर शपथ. एकेकाचं नाव घेऊन देवापुढं मांडायचे. कुणाचा खोकला, कुणाची हरवलेली म्हैस. मी वैतागून एक डोळा उघडा ठेवायचो.

निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यात रझाकारांवरचा राग सगळ्याच मुसलमानांवर निघत होता. तेव्हा पाळकांनी शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याला बायकोलेकरांसह मागच्या खोलीत लपवलं आणि आम्हाला भरदुपारी प्रार्थनेला बसवलं. तेवढ्यात काठ्या घेतलेली माणसं दारात आली.

"पिंजारी कुठंय?"

"प्रार्थना चालू हाय. बसा," म्हणत पाळकांनी डोळे मिटले. "देवबापा, दारातल्या किसनाच्या मायचा दमा जाऊ दे. ग्यानबाच्या लेकराचा ताप उतरू दे..."

ज्याचं नाव निघे, त्याची काठी खाली येई. मी मात्र दोन्ही डोळे उघडले. सवयीनं पिंजाऱ्याचंही नाव तोंडून गेलं तर?

पाळक थांबले. "आन् देवबापा, आज ज्याचं नाव मी घेत न्हाई, त्यालाबी संभाळ."

किसनानं मागच्या खोलीच्या दाराकडं एकटक बघितलं. काठी उचलली.

"चला रे," तो म्हणाला, "हितं कुणी न्हाई."