बाल्कनीत अडकलेले हेडमास्तर

बरकातच्या खांद्याने दगा दिला आणि त्याची हत्यारांची पिशवी इन्साफच्या खांद्यावर आली. अलेक्झांड्रियात समुद्राकडे तोंड करून राहणाऱ्यांच्या घरी दुरुस्तीला तोटा नसतो. खारा वारा बिजागऱ्या खातो, लाकडी दारं फुगवतो. वीस वर्षं नवऱ्याच्या हातात पक्कड-पेचकस देता देता इन्साफ सगळं शिकली होती. पण बाईमाणसाला काम देणार कोण?

पाचव्या मजल्यावरच्या रिफअत मास्तरांनी तर तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. निवृत्त झाले तरी त्यांची हेडमास्तरकी उतरली नव्हती.

"बाल्कनीच्या दाराची कडी अडकतेय. पण तुझ्या नवऱ्याला पाठव."

"त्यांचा हात वर होत नाही, मास्तर. वादळ यायचंय. आजच बघून घेते."

"नको. बरा झाला की येईल तो."

इन्साफ धुसफुसत जिना उतरली. दुसऱ्या मजल्यावर एका बाईने खिडकीचं काम दिलं, त्यात ती रमली.

दुपारी वादळ आलंच. मास्तर दोरीवरचे कपडे काढायला बाल्कनीत गेले, मागे दार धाडकन आपटलं आणि आतली कडी पडली ती पडलीच. त्यांची बायको सौसन जिन्यात येऊन ओरडायला लागली. दारवान इद्रीस हातोडा घेऊन धावला, त्याच्या मागोमाग इन्साफ.

"काच फोडतो!" इद्रीस म्हणाला.

"फोड, म्हणजे तुकडे त्यांच्या अंगावर! हो बाजूला."

काचेपलीकडे मास्तर पायजम्यात चिंब भिजून कुडकुडत होते, तरी बोट नाचवून शिकवणं चालूच. "तेल घाल! कडीला तेल!"

तेल घातलं. कडी ढिम्म. मग इन्साफ बिजागऱ्यांकडे वळली. खालचा खिळा आधी काढायचा, नाहीतर दार अंगावर येतं, हे बरकातने शंभरदा सांगितलं होतं. रॉकेल सोडून, ठोकून तिने दोन खिळे उपसले. वरचा गंजून एकजीव झाला होता. तो करवतीच्या पात्याने कापावा लागला. इद्रीसने दार तोललं, वारा घरात घुसला आणि ओले कपडे छातीशी धरून मास्तर आत आले.

"किती वेळ लावलास!"

"अहो, आभार माना आधी!" सौसन कडाडली. "सकाळी हिला हाकललं कुणी?"

मास्तर घोंगडीत शिरले. आतूनच म्हणाले, "आता हे दार?"

"बसवते की. लोखंडी नको, पिशवीतल्या पितळी बिजागऱ्या घालू. उठा मास्तर, तुम्हीही धरा एका बाजूने."

मास्तर उठले. मुकाट्याने धरलं.

घरी हे ऐकून बरकात खांदा दुखेपर्यंत हसला. मग त्याने कापलेला खिळा मागून घेतला, उजेडात फिरवून पाहिला.

"सरळ कापलायस," तो म्हणाला. "पण पातं बोथट झालं असणार. उद्या निघताना नवं घालून ने."