लूमच्या खडखडाटात
मुलाच्या शर्टाला लूमच्या तेलाचा वास आला की सुरतेतल्या भेस्तानचा तो यंत्रमागाचा कारखाना आठवतो. तिथल्या खडखडाटात शब्द ऐकूच यायचे नाहीत, म्हणून हे आणि शेजारच्या लूमवरचे भाऊजी वर्षानुवर्षं हातवाऱ्यांनीच बोलायचे. निवडणुकीच्या दिवसांत चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, वाद पेटला आणि ह्यांनी भाऊजींना चारचौघांत ‘विकला गेलास’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर हे ‘चहाला चल’ म्हणून हात हलवत होते आणि भाऊजी पाठ फिरवून उभे. शेवटी हे जीव तोडून ओरडले, “अरे, मत कुणालाही दे, पण इकडं बघ!” ओठांवरून मला कळलं, भाऊजींना नाही. आज राजकारणावरून माझी दोन मुलं एकमेकांना तसंच बोलतात. मी मधे उभी राहून ओरडते. घरात लूम नाही, तरी कुणाला ऐकू जात नाही.