रमीबाई गप्प राहते तेव्हा

रमीबाईशी कुणी बोललं आणि तिने उत्तर दिलं नाही, असं नवापूरकडच्या त्या डोंगरात कुणी पाहिलेलं नाही. कोंबडी ओरडली तरी ती तिला दोन शब्द सुनावते. रविवारी चर्चमध्ये उपदेशात पाळकांनी सहज प्रश्न टाकला, की हिचं उत्तर तयार! नवरा योहान मात्र अबोल. त्याच्या वाट्याचंही तीच बोलते, आणि त्याला ते बरंच वाटतं.

यंदा तिच्या स्वादुपिंडाला सूज आली. जिवावरचं दुखणं निभावलं, पण नंतरच्या सोनोग्राफीत तिथे गाठ दिसली. नंदुरबारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ पाण्याची की भरीव, ते एमआरआयमध्ये कळेल. भरीव निघाली तर कॅन्सरची शंका." तेव्हापासून तिची बडबड ऐकली की योहानचे डोळे भरून यायचे.

एमआरआयच्या दिवशी तिला यंत्रात सरकवलं. आतून आवाज आला, "श्वास रोखा."

"रोखला रे बाबा," रमीबाई म्हणाली. बोलणाऱ्याला उत्तर न देणं तिला कसं जमणार?

पुन्हा तेच. काचेपलीकडे तंत्रज्ञ तौहिदने कपाळाला हात लावला. "मावशी, बोलू नका ना! फोटो हाली ऱ्हायना! हलला की पुसट येतो."

"बरं, नाही बोलत," आतून उत्तर आलं.

पुसट फोटोंत गाठीत काय आहे ते दिसेना. शेवटी तौहिदने बाहेर बसलेल्या योहानला बोलावून माईक त्याच्यापुढे धरला.

योहान घाबरला. माईकवर तो जन्मात बोलला नव्हता. मग त्याला रंगावली नदी आठवली. लग्न झालं त्या वर्षी दोघं गुडघाभर पाण्यात उभी राहून हातांनी मासे धरायची. मासा पळू नये म्हणून रमी गप्प असायची ती तेव्हाच.

"रमे," तो घरच्या बोलीत हळूच म्हणाला, "हलू नको. पायाशी मासा आलाय."

आत सगळं शांत झालं. यंत्र धडधडलं, थांबलं. तो दर वेळी तेच म्हणाला, ती दर वेळी श्वास धरून राहिली, आणि फोटो स्वच्छ उतरले.

डॉक्टरीणबाईंनी ते निरखून पाहिले. "भरीव काही दिसत नाही," त्या योहानला म्हणाल्या. "त्या सुजेचंच पाणी साचलंय. बहुतेक आपोआप ओसरेल. काही महिन्यांनी परत बघू."

रमीबाई बाहेर बाकावर बसली होती. योहान दिसताच म्हणाली, "काय रे, सापडला का मासा?"

"मासा नव्हताच गं," तिचा हात घट्ट धरून योहान म्हणाला आणि भर दवाखान्यात रडायला लागला. "नुसतं पाणीच होतं."

रमीबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं. बोलली मात्र काहीच नाही.