खाटेची दुसरी बाजू

अक्का गेली तेव्हा तिच्या खाटेपाशी तिघे हजर होते : मी, माझी पत्नी आणि हिराबाई. हॉस्पिटलचे म्हणून कोणी नव्हते. हे आधीच लिहितो, कारण शोकसभेत तिच्या अखेरच्या क्षणी जवळ असल्याचे सांगणारे बरेच निघाले. डॉक्टरसाहेबांनी तर हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहून सांगितले, की वत्सलाबाई आमच्याच शिस्तबद्ध शिक्षणातून घडल्या. सभेत उठून बोलणे बरे दिसले नसते, म्हणून गप्प बसलो... इथे बोलतो.

वत्सलाअक्का माझी थोरली बहीण. बहात्तरच्या दुष्काळात, मेहुणे वारल्यावर, ती वडूजहून आमच्याकडे सांगलीला आली आणि भावाच्या घरी बसून खाणार नाही म्हणून त्या खासगी हॉस्पिटलात सिस्टरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागली. शिस्तबद्ध शिक्षण ते असे : हातात पांढरी साडी दिली, मोरी कुठे ते दाखवले, आणि जुन्या बायकांचे बघून शिका असे सांगून सिस्टर चहाला गेल्या. जुन्या बायका काही दाखवत नव्हत्या. तिथे खाटा वाटून दिलेल्या असत. जिची खाट, तिनेच त्या रोग्याचे सगळे करायचे. दुसरीने हात लावला की भांडण. ही योजना साहेबांची. कोण चुकले ते त्यामुळे लगेच कळते, असे ते अभिमानाने सांगत. रोगी उचलायचा कसा, हे त्यांना सांगता आले असते का, याची मला शंका आहे.

अक्काच्या वाट्याला अर्धांगवायू झालेले एक धिप्पाड बागायतदार आले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस बदलायची होती. शेजारची खाट सांभाळणारी हिराबाई, शिराळ्याची, हात बांधून उभी होती. अक्काने तिला बोलावले. ती म्हणाली, "आवं, खाट तुमची हाय. मी हात लावला तर उद्या माज्या नावावर घालतील."

अक्काने एकटीने त्यांच्या काखेत हात घालून ओढले. रोगी घसरला, आणि तो फरशीवर आपटू नये म्हणून ही त्याच्याखाली गेली. त्याला खरचटलेसुद्धा नाही. अक्काची कंबर मात्र कायमची गेली. साहेबांनी चौकशी केली ती एवढीच, की खाट कोणाची?

त्या संध्याकाळी हिराबाई आमच्या दारात आली. चहा घेईना, आत येईना. आपलेच चुकले म्हणाली. यापुढे नुसती हाक मारा, मी येते. अक्काची जीभ मुळात तिखट. "हाक मारायला लागू नये, गं. आधीच पलीकडं उभी ऱ्हा."

पुढे काही दिवस आमच्या घरी दोघींची उजळणी चाले. माझ्या पत्नीला खाटेवर निजवायचे, अंगाखालच्या चादरीच्या दोन्ही कडा अंगालगत गुंडाळायच्या, दोघींनी दोन बाजूंनी धरून, एकमेकींकडे बघत, एकदम सरकवायचे. पत्नीला हसू आवरत नसे. अक्का म्हणे, "रोगी हसत न्हाई. गप निजा." पुढे जी नवी मुलगी कामाला लागे, तिला या दोघी हेच शिकवत. सिस्टर ओरडत, की एका खाटेला दोघी म्हणजे दुसरी खाट वाऱ्यावर. अक्का वाद घालत नसे. जोडीदारीण येईपर्यंत खाटेजवळ नुसती उभी राहत असे. तिला उद्धट ठरवले, काढून टाकण्याची धमकी दिली. मग रोग्यांच्या पाठी बऱ्या दिसू लागल्या, तेव्हा साहेबांनी बाहेरच्या डॉक्टरांना वॉर्ड फिरवून दाखवला. आमची पद्धत, म्हणाले.

कंबरेमुळे अखेर तिला काम सोडावे लागले. हिराबाईही कंटाळून कुपवाडच्या एका कारखान्यात गेली. आणि या वर्षी मूत्रपिंडाच्या दुखण्याने अक्का त्याच वॉर्डात रोगी म्हणून दाखल झाली. एक नवी पोरगी एकटीच आली आणि तिने अक्काच्या काखेत हात घातले. अक्काचे डोळे मिटलेले होते.

"दुसरी कुठं हाय?"

"कुणी न्हाई, मावशी. ही खाट माजी हाय."

खाटा पुन्हा वाटल्या होत्या... अक्का म्हणाली, "थांब मग."

"सिस्टर वरडतील."

"वरडू दे."

पोरगी रडकुंडीला आली. मी उठून पलीकडे गेलो आणि चादरीचे टोक धरले. "टोक नगं. गुंडाळ रं, अंगाजवळ धर," अक्का म्हणाली. "आन् माज्याकडं बघू नगंस. तिच्याकडं बघ." आम्ही तिला कुशीवर वळवले. ती माझ्याशी बोललेली ही शेवटची वाक्ये. दुसऱ्या दिवशी, निरोप मिळून हिराबाई येऊन पोहोचल्यावर, अक्का गेली.

फोटो आता वॉर्डात लावला आहे, असे ऐकतो. त्याच्याखाली खाटा वाटलेल्याच आहेत, हेही ऐकतो. आमच्या घरी अक्काची खाट अजून खिडकीशी आहे. झाडताना ती सरकवावी लागते. हलकी आहे, एका हाताने सरकेल. पण पत्नी कुंचा घेऊन आली, की मी हातातला पेपर ठेवतो आणि जाऊन पलीकडच्या बाजूला उभा राहतो.