न हललेली सुई

मी चौतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काढली आणि माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली: मोजल्याशिवाय काही बसवू नका. माझं हे वाक्य ऐकून लोक कंटाळायचे. कंटाळा, पण मोजा, असं मी म्हणायचो. त्यामुळं धाकट्या भावानं निफाडच्या मळ्यातल्या शेडमध्ये दोन सीटची स्पोर्ट्स कार बांधायला घेतली, तेव्हा मोजमापाचं काम माझ्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं.

फायबरची बॉडी आणि पाइपची चासी त्यानं सुटी मागवली. इंजिन एका मोडीत निघालेल्या कारचं मिळालं. ते मूळ गाडीत आडवं बसायचं आणि पुढची चाकं फिरवायचं. आम्हाला ते उभं बसवून मागची चाकं फिरवायची होती, म्हणून गिअरबॉक्स एका जुन्या जीपचा आणला. दोघांचा एक बोल्ट जुळेल तर शपथ.

"दादा, यांची पत्रिकाच जुळत नाही," भाऊ म्हणाला.

मग मी दोघांच्या मध्ये घालायला ॲल्युमिनियमची जाड प्लेट बनवली. एका अंगाला इंजिनची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. भोकं जुळवणं सोपं असतं, अवघड असतो मध्य. इंजिनचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एकाच रेषेत फिरले पाहिजेत. केसाएवढा फरक राहिला तरी मधली क्लचची तबकडी प्रत्येक फेऱ्याला जराशी वाकते आणि सरळ होते. तार सारखी वाकवली की तुटते, तशी तीही एक दिवस तुटते. आणि त्या बुटक्या गाडीत क्लचचं घर बसतं नेमकं बसणाऱ्या दोघांच्या पायांच्या मध्ये. हे मी भावाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"तू आहेस ना," एवढंच तो म्हणाला.

तो फरक मोजतो डायल. खिशातल्या घड्याळाएवढी चकती, तिच्यात सुई आणि खाली बोटभर दांडी. दांडी आत-बाहेर झाली की सुई हलते.

प्लेट व्हायला उशीर झाला आणि जुळणीचा दिवस आला खंडेनवमीला. भावाला दसऱ्याला गाडी बाहेर काढायचीच होती. आम्ही दोघं नवरा-बायको सणाला तिकडेच होतो. सकाळी बायकोनं शेडमध्ये पाट मांडून सगळी हत्यारं पूजली. हातोडी, व्हर्निअर, डायल, सगळ्यांना हळदीकुंकू, पाण्याचा शिंतोडा, वर झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्यार हलवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. भाऊ महा बिलंदर, त्यानं लागणारे पाने आदल्या दिवशीच लपवून ठेवले होते. पण डायल एकच होता, माझा. मी तो पाटावरून उचलला.

"अहो, पूजेतलं उचलू नका," बायको म्हणाली. "उद्या करा की. कुठं आग लागलीय?"

"तुझ्या दिराच्या डोक्यात," मी म्हणालो.

काच बाहीला पुसली, डायल इंजिनच्या दांड्यावर बसवला आणि त्याची दांडी प्लेटच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवली. भावानं इंजिन हातानं फिरवलं. पहिल्या फेऱ्यात सुई थोडी सरकली, ती मी शून्यावर आणून ठेवली. दुसऱ्या फेऱ्यात ती हलली नाही. तिसऱ्यातही नाही.

इतकी शांत सुई मी आयुष्यात पाहिली नव्हती. कारखान्यातल्या कोऱ्या मशीनवरसुद्धा ती थोडी थरथरते. खरं सांगतो, डायल काढून पुन्हा बघावा असं मनात आलं. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्या हाताला तोड नाही." मला ते गोड लागलं. निवृत्त माणसाला कौतुक करणारं कोण भेटतं? मी म्हणालो, आवळ बोल्ट.

दसऱ्याला गाडी निघाली. पहिली चक्कर वहिनीची, असं म्हणून त्यानं माझ्या बायकोला शेजारी बसवलं. आरटीओचे कागद व्हायचे होते म्हणून तो मळ्यातल्या रस्त्यावरच चालवायचा. तिसऱ्या गिअरला पन्नासच्या पुढं गेलं की खालून बारीक घूं असा आवाज यायचा. भावाला तो आवडला. मला नाही.

"उघडून बघू," मी म्हणालो.

"अरे, तूच मोजलंस ना? सुई हलली का?"

माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं त्यानं. पुढं दर आठवड्याला फोनवर सांगायचा, आवाज वाढलाय, वाघ पाळल्यासारखं वाटतं. मी फोन ठेवायचो आणि मला जेवण जायचं नाही. तरी मी निफाडला जाऊन ते उघडलं नाही. चूक निघाली असती ना माझी.

मार्गशीर्षात बायको जावेकडे निफाडला चार दिवस राहायला गेली. मी नाशिकला घरी एकटा. शेजाऱ्याच्या पंपाचा दांडा वाकलाय का ते बघायला खंडेनवमीनंतर पहिल्यांदाच डायल पेटीतून काढला. सवयीनं दांडी अंगठ्यानं दाबून सोडली. ती आधीच थोडी आत होती, आणखी आत गेली आणि बाहेर आलीच नाही. ओढून काढली तर तिच्यावर हळदीकुंकवाचा वाळलेला लेप. म्हणजे त्या दिवशी पहिल्या फेऱ्यात दांडी आत दबली आणि तिथंच चिकटली. त्यानंतर सुईनं काहीच मोजलं नव्हतं.

माझी पाचावर धारण बसली. भावाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. बायकोला लावला. तिनं उचलला, मागं वारा घोंगावत होता.

"अहो, मी गाडीतच बसलेय. थांबा, तुमच्या वाघाचा आवाज ऐकवते."

तिनं फोन खाली धरला असणार. घूं नव्हतं ते आता, खरखर होती. मी ओरडत होतो, थांबवा, गाडी थांबवा. आणि मग धातू फाटल्याचा आवाज आला आणि त्यानंतर फक्त वारा.

भावाला खरचटलंसुद्धा नाही. तिचा उजवा घोटा गेला. दोन ऑपरेशनं झाली, ती चालते, पण मांडी घालून बसू शकत नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "पूजेतलं उचलू नका म्हणाले होते मी." मी म्हणालो, हो, चुकलंच माझं.

तिनं लावलेलं कुंकू दांडीला चिकटलं होतं, हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल. आणि ते खरंही नव्हे. डायल लावण्याआधी दांडी अंगठ्यानं दाबून बघायची असते. चौतीस वर्षं मी दाबली, त्या दिवशी नाही दाबली.

यंदा खंडेनवमीला ती पाटासमोर खुर्ची घेऊन बसली आणि तिनं डायल मागितला. मी दांडीला रुमाल घट्ट गुंडाळून तो तिच्या हातात दिला.

"हे काय? थंडी वाजते का त्याला?" ती हसली.

मी हो म्हणालो. तिनं काचेवर कुंकू लावलं, आणि खाली बसता येत नाही म्हणून बाकीच्या हत्यारांसाठी ताट माझ्याकडं दिलं.