ढिगावरची भुरी

बबनभाऊंनी पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवला आणि खुशीत म्हणाले, "म्याडम, ढिगावर लई भुरी आल्ती. सकाळीच मारून टाकली."

मी लाकडाच्या चिप्सच्या ढिगाकडे बघतच राहिले. पाच दिवस जपलेल्या माझ्या बुरशीवरून औषध ओघळत होतं.

ढिगावर बुरशी मी का वाढवत होते, ते आधी सांगते. जुन्नरजवळच्या एका छोट्या पेपर मिलमध्ये मी केमिस्ट आहे. चाकणच्या बाजूला पॅकिंगच्या पेट्या बनतात, त्यातून उरलेलं ताजं पाइनचं लाकूड आमच्याकडे येतं. त्याचे बारीक तुकडे, म्हणजे चिप्स करून आम्ही लगदा बनवतो. पाइनमध्ये राळ असते. ती लगद्यात सुटली की तिला आम्ही पिच म्हणतो. फणस चिरताना हाताला चीक लागतो ना, तसाच हा पिच मशीनच्या जाळीला धरून बसतो. मग कागदावर तपकिरी डाग पडतात, भोकं पडतात, आणि जाळी साफ करायला मशीन बंद ठेवावं लागतं. टाल्क पावडर घालून पाहिली. पिच हटला नाही.

आमचा कागद द्राक्षांच्या पेटीत तळाला घालतात. नारायणगावच्या एका एक्स्पोर्टरने डागवाले रोल परत पाठवले. शेठ, म्हणजे आमचे मालक, मला म्हणाले, "मॅडम, पुढचा लॉट परत आला तर पाइनचा सेक्शन बंद. रद्दीवर मिल चालवू." त्या सेक्शनमध्ये दहा माणसं होती. यार्ड सांभाळणारे बबनभाऊ त्यातलेच.

माझा उपाय बुरशीचा होता. एक जात अशी आहे की ती लाकडातल्या राळेवर जगते. लाकडावरच्या इतर बुरश्यांनी ते काळंनिळं पडतं, हिने पडत नाही. ती पाण्यातून चिप्सवर शिंपडायची, ढीग ओलसर ठेवायचा आणि दोनेक आठवडे थांबायचं. शेठच्या केबिनमध्ये मी स्लाइड्स दाखवून हे सगळं समजावलं होतं. मॅनेजर होते, इंजिनियर होता. यार्डातलं कोणी नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

"अर्ध्याच ढिगाला बुरशी लावू, म्हणजे फरक कळेल," असं मी सुचवलं होतं.

"मला फरक नको, कागद पाहिजे. सगळ्या ढिगाला लावा," शेठ म्हणाले.

बबनभाऊंना मी एवढंच सांगितलं होतं, की आपली ऑर्डर या ढिगावर आहे, डोळ्यात तेल घालून सांभाळा. त्यांच्या घरची द्राक्षबाग आहे. वेलींवर पांढरी भुरी पडून हातची बाग गेलेली त्यांनी पाहिलीये. पांढरं काही दिसल्यावर हा माणूस स्वस्थ कसा बसणार? घरून पंप आणि बागेचं औषध घेऊन ते ड्युटीच्या आधीच आले होते.

मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. "कोणाला विचारून मारलंत?"

"इचारायचं काय त्यात? तुमीच म्हनला, ढीग सांभाळा."

"अहो, ती भुरी नव्हती. ती बुरशी मी मुद्दाम लावली होती, लाकडातला चीक घालवायला!"

त्यांचा चेहरा पडला. जरा वेळाने हळूच म्हणाले, "म्याडम, पल्याडचा अर्धा राह्यलाय. औषध पुरलं न्हाई. दुपारी आनून मारनार व्हतो."

मी धावतच ढिगाला वळसा घातला. पलीकडची बाजू पांढरीशुभ्र होती. मला रडू यायचंच बाकी होतं. लोडरने ढिगाचे दोन्ही भाग एकमेकांपासून वेगळे केले आणि मी शेठना जाऊन खरं ते सांगितलं.

"बबनला घरी पाठवा," शेठ म्हणाले.

"मग मलाही पाठवा. बुरशीचं त्यांना काही सांगितलंच नव्हतं मी."

शेठ म्हणाले, "आधी कागद तर निघू द्या."

दोन आठवडे भरल्यावर औषध पडलेला भाग आधी चालवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जाळी तीनदा पिचने चोंदली. दुसऱ्या दिवशी राहिलेला भाग घेतला. पहिली शिफ्ट संपली, दुसरी संपली, मशीन एकदाही थांबवावं लागलं नाही. मी दोन्ही दिवसांचे कागद शेठच्या केबिनमधल्या खिडकीला धरले. एकावर डागच डाग, दुसरा स्वच्छ.

शेठ बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "मॅडम, एवढा फरक पडतो, तर आधीच असा शेजारी शेजारी करून का नाही दाखवलात?"

ओठांवर आलेलं मी गिळलं. बबनभाऊ दारात उभे होते, ते जमिनीकडे बघत होते.

स्वच्छ कागद नारायणगावला गेला, तो परत आला नाही. सेक्शन चालू आहे, दहाही माणसं कामावर आहेत. नव्या ढिगाची मीटिंग आता यार्डात होते, स्लाइड्सशिवाय, आणि सगळ्यात जास्त प्रश्न बबनभाऊंचे असतात. प्रत्येक ढिगाचा थोडा भाग आम्ही बिनबुरशीचा ठेवतो, ताडून बघायला. त्याला सगळे बबनभाऊंचा कोपरा म्हणतात. त्यांना ते अजिबात आवडत नाही.