शाळा सोडण्याचे कारण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी भोकरदनच्या आमच्या शाळेतल्या कारकून बाईंचं नाव सांगतो. आई-वडिलांना याचं वाईट वाटत नाही. तेही त्यांचंच सांगतात.

चौथीपर्यंत मी त्या शाळेत होतो. मग वडिलांना मस्कतला वेल्डिंगचं काम मिळालं आणि आम्ही तिकडे गेलो. दहावी तिकडेच झाली. अकरावीला मी काकांकडे परत आलो, तर गावाने माझं नाव ‘मस्कत’ पाडलं. काका त्यावर फार खूष असायचे.

इंजिनिअरिंगचा फॉर्म काकांनीच कॅफेत बसून भरून घेतला. यादीत नंबर लागला, पेढे वाटून झाले, आणि मग फीचा कागद आला. माझी गणना अनिवासी भारतीयांत झाली होती. ती फी भरणं वडिलांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

“काका, अनिवासीवर खूण तुम्ही केली?”

“मंग! सारं गाव तुला मस्कत म्हणून राह्यलं. म्हणलं, जरा वजन पडंल.”

कॉलेजने सांगितलं, चार दिवसांत रहिवासी दाखला आणा, नाहीतर ही जागा पुढच्या मुलाला जाईल. तहसीलमधले साहेब म्हणाले, “जन्म इथला, बराबर आहे. पण दहावी तिकडची. तुम्ही कायमचे गेल्ते की कामापुरते, हे कशावरून समजायचं?”

मी शाळेत गेलो. बाईंनी मला ओळखलं, पण अर्जाशिवाय रजिस्टर उघडणाऱ्या त्या नव्हेत. काका पेन काढू लागले तशा म्हणाल्या, “तुम्ही न्हाई. त्याला लिहू द्या.”

मी लिहिलं, ‘मला माझा जुना कागद पाहिजे आहे, कृपा करून जल्दी.’ बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “मराठी काय तिकडं वाळूत पुरून आलास का रे?”

मग त्यांनी जाडजूड रजिस्टर काढलं. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात पानभर एकच मजकूर होता, ‘पालकांच्या विनंतीवरून’. माझ्या नावापुढे मात्र होतं, ‘वडिलांच्या नोकरीमुळे तात्पुरते परदेशी. परत येणार.’

“हे तुम्ही लिहिलं?”

“तुझा बाप त्या दारात उभा राहून रडत होता. म्हणे, आम्ही परत येणार हावोत बाई, पोराचं नाव काटू नका. नाव तर काटावंच लागतं. मंग म्हणलं, कारण तरी खरं लिहावं.”

मुख्याध्यापकांची सही घेऊन त्यांनी उतारा तयार केला आणि पर्स उचलून आमच्याबरोबर तहसीलला निघाल्या. साहेबांनी उतारा दोनदा वाचला. “बाई, रजिस्टरात असं कुणी लिहितं का?”

“मी लिहिते,” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दाखला मिळाला. चौथ्या दिवशी कॉलेजने माझी फी बाकीच्या मुलांसारखी केली. काका पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत गेले, तर बाईंनी एकच पेढा उचलला आणि मला बजावलं, “उताऱ्याची फी राहिली तुझ्याकडं. इंजिनिअर झालास की पत्र टाक. फोन न्हाई. हातानं, मराठीत, काकाच्या मदतीशिवाय.”

चार वर्षांनी, शेवटच्या निकालानंतर मी पाठवलेलं पत्र असं होतं:

‘ती. बाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

मी पास झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात मशीन विभागात लागलो आहे. तिथल्या फॉर्मवर कायमचा पत्ता मी स्वतः लिहिला. काका शेजारी होते, पण पेन त्यांच्या हाती दिलं नाही.

उताऱ्याची फी म्हणून हे पत्र. पाचव्यांदा लिहून काढलं आहे, तरी चुका असतील तर लाल शाईने खुणा करून परत पाठवा.

गेल्या महिन्यात वडील सगळं सामान घेऊन मस्कतहून परत आले. रजिस्टरात तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं. रविवारी ते तुमच्या घरी येणार आहेत. खजूर आणतील, नको म्हणू नका. आणि या वेळी त्यांना दारात उभं राहू देऊ नका.

तुमचा विद्यार्थी,
मस्कत’